जनरल नोट्सच्या एमटेक्स्टमधील ओळी दुसऱ्या संगणकावर सरकतात आणि मराठी मजकूर बिघडतो

प्रश्न : कर्वेरोड_आरेखक

नमस्कार. मी पुण्यात एका आरसीसी सल्लागाराच्या कार्यालयात ड्राफ्टिंगचे काम करतो. आम्ही ऑटोकॅड हे ड्रॉइंग काढण्याचे सॉफ्टवेअर वापरतो आणि बहुतेक ड्रॉइंग ए-१ कागदावर काढतो. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या बाजूला, टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगचे नाव, क्रमांक असलेल्या चौकटीच्या) वर, जनरल नोट्सचा एक मोठा एमटेक्स्ट (अनेक ओळींचा मजकूर एकत्र ठेवणारी चौकट) असतो. त्यातील बहुतेक नोट्स इंग्रजीत असतात. मात्र साइटवरील मुकादम आणि सेंटरिंगवाले यांनी वाचाव्यात अशा काही सूचना आम्ही मुद्दाम मराठीत देतो. उदाहरणार्थ, ‘४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे टेकू १४ दिवसांच्या आत काढू नयेत’, किंवा ‘सल्लागाराच्या लेखी परवानगीशिवाय बीममध्ये पाइपसाठी भोक पाडू नये’.

अडचणी अशा आहेत. आमच्याकडे नीट दिसणाऱ्या नोट्स कंत्राटदाराच्या संगणकावर उघडल्या की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि शेवटच्या दोन-तीन नोट्स टायटल ब्लॉकवर चढतात. काही ड्रॉइंगमध्ये तर नोट्सचा अर्धा भाग उजवीकडे कागदाच्या चौकटीबाहेर जाऊन बसतो. मराठी मजकुराची जुन्या ड्रॉइंगमध्ये उच्चारही करता येणार नाही अशी इंग्रजी अक्षरे होतात, तर नव्या ड्रॉइंगमध्ये नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. सरांच्या सांगण्यावरून मी टेक्स्ट स्टाइलमध्ये (मजकुराचा फॉन्ट ठरवणाऱ्या व्याख्येत) फॉन्ट बदलून पाहिला. काही नोट्सचा फॉन्ट बदलला, काहींचा जसाच्या तसा राहिला.

कार्यालयातील सहकारी यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे एमटेक्स्ट एक्स्प्लोड करणे, म्हणजे फोडून त्याच्या सुट्या ओळी करणे. त्यामुळे ओळी हलायच्या थांबतात हे खरे. पण पुढच्या प्रकल्पात एखाद्या नोटमध्ये दोन शब्द वाढवायचे झाले, तर खालच्या सगळ्या ओळी हाताने सरकवाव्या लागतात. एक्स्प्लोड न करता हे कायमचे नीट करण्याची पद्धत कोणी सांगू शकेल का?

उत्तर : जुना_ड्रॉइंगबोर्ड

आपल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तक्रारीबद्दल मी लिहितो. मराठी फॉन्टविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणकार मंडळी इथे आहेत.

एमटेक्स्टमध्ये आपण स्वतः एंटर दाबलेले नसेल तर ओळ कुठे तुटली याची नोंद फाईलमध्ये राहत नाही. फाईलमध्ये राहते ती परिच्छेदाची रुंदी, अक्षराची उंची आणि फॉन्टचे नाव. ज्या संगणकावर फाईल उघडते, तिथे उपलब्ध असलेल्या फॉन्टच्या अक्षरांच्या रुंदीवरून ओळी नव्याने मोडल्या जातात. आपला फॉन्ट तिथे नसेल तर ऑटोकॅड त्याच्या जागी दुसरा लावते (एसएचएक्स, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टच्या बाबतीत ‘फॉन्टऑल्ट’ या व्हेरिएबलमधला, म्हणजे सेटिंगमधला, जो मुळात ‘सिम्प्लेक्स’ असतो), आणि अक्षरे किंचित रुंद निघाली तरी ओळीतला शेवटचा शब्द खाली उतरतो. वीस नोट्समध्ये असे चार-पाच ठिकाणी झाले की टायटल ब्लॉकवर अतिक्रमण ठरलेलेच. म्हणजे एमटेक्स्टमध्ये दोष नाही. दोन्ही ठिकाणी एकच फॉन्ट नाही, एवढेच. ‘ई-ट्रान्समिट’ने (ड्रॉइंग जोड-फायलींसह पाठवण्याच्या सोयीने) फाईल पाठवली की सगळे फॉन्ट सोबत जातात असा बऱ्याच जणांचा समज आहे, परंतु त्यातून एसएचएक्स फॉन्ट जातात, विंडोजचे ट्रूटाइप फॉन्ट जात नाहीत.

आता स्टाइल बदलूनही काही नोट्स का बदलल्या नाहीत ते पाहू. बिघडलेली नोट निवडा, प्रॉपर्टीजची चौकट उघडा आणि ‘कंटेंट्स’ या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. तिथे मजकुराबरोबर महिरपी कंस आणि बॅकस्लॅशनंतर येणारी अक्षरे दिसतील. बॅकस्लॅश आणि पी म्हणजे नवा परिच्छेद, एच म्हणजे उंची, सी म्हणजे रंग, एफ म्हणजे फॉन्ट. एडिटरमध्ये शब्द निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला की तो बदल स्टाइलमध्ये जात नाही, तो कोडच्या रूपात त्या शब्दालाच चिकटतो. पुढे स्टाइलच्या व्याख्येत कोणताही फॉन्ट घातला तरी महिरपी कंसातला मजकूर तो मानत नाही. वर्डमधून किंवा ईमेलमधून थेट चिकटवलेल्या नोट्समध्ये हे कोड खच्चून भरलेले असतात. कित्येक कार्यालयांची ‘स्टँडर्ड नोट्स’ची फाईल वर्षानुवर्षे एकातून दुसऱ्यात अशीच कॉपी होत आलेली असते आणि प्रत्येकाने त्यात आपापला एक फॉन्ट सोडलेला असतो.

उपाय सोपा आहे. एडिटरमध्ये सगळा मजकूर निवडा, उजवी कळ दाबा, ‘रिमूव्ह फॉरमॅटिंग’मधून सगळे फॉरमॅटिंग काढा आणि फॉन्ट फक्त स्टाइलकडूनच येऊ द्या. यापुढे बाहेरून मजकूर आणताना त्याच मेनूतील ‘पेस्ट स्पेशल’ वापरून फॉरमॅटिंगविना चिकटवा. ठळक किंवा अधोरेखित शब्द त्यानंतर मोजक्या ठिकाणी पुन्हा करावेत.

अर्धा भाग चौकटीबाहेर जातो तो कॉलमच्या सोयीमुळे. २००८ च्या आवृत्तीपासून एमटेक्स्टमध्ये कॉलम आले आणि ‘एमटेक्स्टकॉलम’ या व्हेरिएबलची मूळ किंमत २ असते, म्हणजे प्रत्येक नवा एमटेक्स्ट आपण न मागताही डायनॅमिक कॉलमचा होतो. कोणी खालची ग्रिप (ओढण्याची खूण) चुकून वर ओढली की उरलेला मजकूर उजवीकडे दुसऱ्या कॉलममध्ये वाहून जातो. आपल्याला एकच उभा पट्टा हवा असेल तर ही किंमत ० करा. आधीच्या नोट्ससाठी एडिटरमधील ‘कॉलम्स’च्या यादीतून ‘नो कॉलम्स’ निवडा. दोन पट्टे खरोखरच हवे असतील तर ‘स्टॅटिक’ प्रकार घ्या, त्यात रुंदी, उंची आणि मधली जागा आपण ठरवतो. एखादी नोट दुसऱ्या पट्ट्यातच सुरू व्हावी असे वाटल्यास ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबून कॉलम तोडता येतो.

शेवटचे एक विचारतो : या नोट्स आपण मॉडेलमध्ये (जिथे इमारत खऱ्या मापात काढतो) ठेवता की लेआउटवर (छापायच्या कागदाच्या पानावर)? मॉडेलमध्ये १:१०० साठी २५० आणि १:५० साठी १२५ अशी उंची ठेवत बसण्यापेक्षा जनरल नोट्स लेआउटवरच असाव्यात. तिथे २.५ मिलिमीटर म्हणजे कागदावरचे २.५ मिलिमीटर, आणि कोणत्याही प्रमाणाच्या ड्रॉइंगमध्ये तोच एमटेक्स्ट जसाच्या तसा चालतो.

उत्तर : शिरोरेखा

मराठी मजकुराच्या दोन तक्रारी वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणे एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून एकीचा उपाय दुसरीला लावू नये.

जुन्या ड्रॉइंगमध्ये जिथे विचित्र इंग्रजी अक्षरे दिसतात, तिथे फाईलमध्ये मराठी कधी नव्हतेच. युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र कोड मिळण्याआधीच्या) पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. साठवले जाई ते इंग्रजी अक्षर, आणि तो विशिष्ट फॉन्ट लावलेला असेपर्यंत डोळ्यांना ‘स्लॅब’ दिसे. कंत्राटदाराकडे तो फॉन्ट नसला, किंवा आपणच फॉरमॅटिंग काढताना तो काढला, की खालचे मूळ अक्षर उघडे पडते. म्हणून वरच्या प्रतिसादातील ‘सगळे फॉरमॅटिंग काढा’ हा सल्ला अशा नोट्सना लावण्यापूर्वी मजकूर आधी बाहेर काढून, त्या फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरानंतर प्रत्येक ओळ वाचावीच लागते. रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. टेकू ७ दिवसांनी काढायचे की १४, हे ज्या मजकुरावरून ठरणार आहे तो न वाचता साइटवर पाठवणे योग्य नव्हे.

नव्या ड्रॉइंगमधील प्रश्नचिन्हांचे उलटे आहे. तिथे फाईलमध्ये शुद्ध युनिकोड मराठी आहे, पण त्या स्टाइलला ‘रोमन्स’ किंवा ‘सिम्प्लेक्स’सारखा एसएचएक्स फॉन्ट लावलेला आहे आणि त्यात देवनागरीची अक्षरेच नाहीत. मजकूर सुरक्षित असतो; स्टाइलमध्ये देवनागरी असलेला ट्रूटाइप फॉन्ट घातला की तो जागच्या जागी दिसू लागतो.

आता फॉन्ट कोणता, हा प्रश्न. पुष्कळ जण ‘मंगल’ घेतात. र. कृ. जोशी यांनी आखलेला हा फॉन्ट विंडोज २००० पासून सोबत येत असल्याने तो सगळीकडे असणारच असे आपण गृहीत धरतो. परंतु विंडोज १० पासून ‘मंगल’, ‘कोकिळा’, ‘अपराजिता’ हे फॉन्ट देवनागरीच्या पूरक संचात गेले आहेत, आणि ज्या संगणकावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली नाही तिथे ते नसण्याची शक्यता असते. ‘निर्मला यूआय’ मात्र विंडोज ८ पासून मूळ संचातच आहे. कंत्राटदाराच्या संगणकावर आपला ताबा नसतो, त्यामुळे दिसायला ‘मंगल’ कितीही आवडला तरी साइटवर जाणाऱ्या फाईलसाठी मी ‘निर्मला यूआय’च सुचवीन.

इंग्रजी आणि मराठी नोट्स एकाच एमटेक्स्टमध्ये ठेवू नयेत, असेही माझे मत आहे. एका एमटेक्स्टला एकच स्टाइल असते. दोन लिप्या एकत्र आल्या की कोणत्या तरी एका लिपीसाठी फॉन्टचा कोड आत घुसवावा लागतो आणि वर सांगितलेला सगळा घोळ पुन्हा सुरू होतो. दोन स्टाइल, दोन एमटेक्स्ट, एकाखाली एक. मराठीची उंची थोडी अधिक ठेवावी. तांत्रिक ड्रॉइंगच्या अक्षरलेखनासाठी जी प्रमाणित उंचीची मालिका आहे (१.८, २.५, ३.५, ५ मिलिमीटर अशी चढत जाणारी), तिच्यातील २.५ इंग्रजीला पुरते. देवनागरीत मात्र मात्रा आणि उकार यांच्या मध्ये सापडलेले अक्षर झेरॉक्सच्या प्रतीत भरून येते, म्हणून ३.५ घ्यावी. ओळींतील अंतराचा गुणकही १ वरून थोडा वाढवावा, नाहीतर वरच्या ओळीतील ‘कू’चा ऊकार खालच्या ओळीतील वेलांटीला भिडतो.

कर्वेरोड_आरेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नोट्स आजपर्यंत मॉडेलमध्येच ठेवत आलो, आता लेआउटवर नेतो. प्रॉपर्टीजमधील ‘कंटेंट्स’ पाहिले, तर एकाच परिच्छेदात तीन निरनिराळ्या फॉन्टची नावे निघाली.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. ज्या ड्रॉइंगमध्ये नोट्स आधीच एक्स्प्लोड झालेल्या आहेत, त्या पुन्हा एकत्र कशा कराव्यात? आणि दुसरे म्हणजे, बीमच्या तपशिलात ‘२#१६’ (१६ मिलिमीटर व्यासाच्या दोन सळया) असे लिहून स्पेस दिली की दोन आणि सोळा हे तिरप्या रेघेच्या अपूर्णांकासारखे एकमेकांना चिकटतात. हे कसे थांबवायचे?

उत्तर : लिस्पवाली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. एमटेक्स्टच्या एडिटरमध्ये दोन आकड्यांच्या मधले तिरपी रेघ (/), हॅश (#) आणि कॅरेट (^) या तीन चिन्हांना विशेष अर्थ आहे. तिरप्या रेघेने आडव्या रेघेचा अपूर्णांक होतो, हॅशने तिरप्या रेघेचा, आणि कॅरेटने टॉलरन्ससारखे एकाखाली एक आकडे बसतात. ज्यांनी ही सोय केली त्यांच्या डोळ्यांसमोर इंचांचे अपूर्णांक होते. आपल्याकडे हॅश म्हणजे सळईचा व्यास, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आकडे चिकटले की त्यांच्याजवळ विजेच्या आकाराची लहान खूण दिसते. तिच्यावर क्लिक करून ‘स्टॅक प्रॉपर्टीज’मध्ये जा, तिथून ‘ऑटोस्टॅक’ची चौकट उघडा आणि आपोआप चिकटवणे बंद करा. आधीच चिकटलेले आकडे त्याच यादीतून सुटे होतात. हे प्रत्येक संगणकावर करावे लागेल, आणि नवा मुलगा कामावर आला की आठवणीने करावे, कारण ‘२#१६’ आणि दोन-सोळांश यांतील फरक सळई कापणाऱ्याला विचारून कळणार नाही.

आता एकत्र करणे. ‘टीएक्सटी-टू-एमटीएक्सटी’ ही कमांड पूर्वी एक्स्प्रेस टूल्समध्ये (जादा सोयींच्या संचात) होती, अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुख्य मेनूतच आहे. ती सुट्या ओळी निवडून एक एमटेक्स्ट करते, पण लगेच ओळी निवडू नका. आधी तिच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे वरून खाली क्रम लावण्याचा पर्याय निवडा, म्हणजे कोणी कधी टाकलेली ओळ कुठे जाईल याची चिंता राहत नाही. ‘वर्ड-रॅप’चा पर्याय अधिक महत्त्वाचा. तो बंद असेल तर प्रत्येक जुनी ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन बसते आणि चौकट कितीही रुंद केली तरी ओळी तिथेच तुटतात. बाहेरून एमटेक्स्ट आणि आतून एक्स्प्लोड, अशी ती अवस्था असते. तो चालू असेल तर ओळी जोडल्या जातात, मात्र मग दोन निरनिराळ्या नोट्सही एकमेकींना जोडल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून मी सगळ्या नोट्स एकदम न घेता एकेका नोटच्या ओळी घेऊन जोडते आणि नंतर ते परिच्छेद एका एमटेक्स्टमध्ये आणते. वेळ जातो, पण स्टँडर्ड फाईलसाठी एकदाच जातो.

नोटचे क्रमांक हाताने टाइप केलेले असतील तर या निमित्ताने तेही काढून टाका. एडिटरमधील क्रमांकित यादी वापरली की मधली एखादी नोट वगळल्यावर पुढचे क्रमांक आपोआप बदलतात आणि नोटची दुसरी ओळ क्रमांकाखाली न येता मजकुराखाली येते. मराठी नोट्सना ही सोय पुरत नाही, कारण यादीत इंग्रजी अंक, इंग्रजी अक्षरे आणि ठिपके एवढेच पर्याय आहेत. देवनागरी अंक हवे असतील तर ‘१.’ टाइप करून टॅब द्यावा आणि रूलरवरील खालचा त्रिकोण ओढून पुढच्या ओळींचा समास टॅबच्या जागी आणावा. मोकळ्या जागा देऊन समास जुळवू नये. फॉन्ट बदलला की तो समास मोडतो.

उत्तर : भोसरी_प्लेटकटिंग

एक्स्प्लोड करूच नये, असा सूर वर लागला आहे. ते जनरल नोट्सपुरते मला मान्य आहे, पण सरसकट नाही. आमच्याकडे प्लेट कापण्याच्या मशीनसाठी डीएक्सएफ (ड्रॉइंग दुसऱ्या प्रोग्रामला देण्याच्या स्वरूपातली) फाईल जाते, आणि तिथले सॉफ्टवेअर सिंगल लाइन टेक्स्ट सरळ वाचते, तर एमटेक्स्ट आला की महिरपी कंस आणि बॅकस्लॅश यांच्यासकट सगळे छापते. डीएक्सएफमध्ये लांब एमटेक्स्ट २५० अक्षरांच्या तुकड्यांत साठवला जातो; साधे वाचक प्रोग्राम शेवटचा तुकडाच उचलतात आणि आधीचा मजकूर गळतो. अशा ठिकाणी आम्ही फाईलची प्रत काढून फक्त प्रतीत एक्स्प्लोड करतो, मूळ फाईलला हात लावत नाही. खोलीचे नाव, ग्रिडचा क्रमांक, बीमची खूण अशा एका ओळीत संपणाऱ्या मजकुराला तर मुळात एमटेक्स्टची गरजच नाही.

जाता जाता आणखी एक. मराठी मजकूर असलेली डीएक्सएफ २००७ च्या आधीच्या फॉरमॅटमध्ये जतन केली तर प्रत्येक देवनागरी अक्षर बॅकस्लॅश, यू, अधिक चिन्ह आणि चार अंकी कोड अशा स्वरूपात लिहिले जाते. नोटपॅडमध्ये ती फाईल उघडून मजकूर बिघडला असे समजू नये. कॅडमध्ये उघडल्यावर तो पुन्हा मराठीत दिसतो. २००७ पासूनच्या फॉरमॅटमध्ये तो यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे थेट वाचता येईल असा असतो.

कर्वेरोड_आरेखक

आपण सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे स्टँडर्ड फाईल नव्याने तयार केली : इंग्रजी नोट्सचा एक एमटेक्स्ट २.५ उंचीचा, त्याखाली ‘निर्मला यूआय’मध्ये मराठीचा ३.५ उंचीचा, दोन्ही लेआउटवर आणि दोन्ही बिनकॉलमचे. कंत्राटदाराकडे उघडून पाहिली, ओळी जागच्या जागी आहेत. फक्त एका मराठी नोटमध्ये ‘क्षेत्र’ हा शब्द ‘क्‌’ आणि ‘षेत्र’ असा फुटलेला दिसतो, आणि तोही फक्त त्याच एका ठिकाणी.

उत्तर : शिरोरेखा

त्या जोडाक्षराच्या मधोमध एखादा जुना कोड राहिला असावा. बहुधा पूर्वी कोणीतरी शब्दाचा अर्धा भाग निवडून रंग किंवा फॉन्ट बदलला असेल. क आणि ष यांच्या मध्ये कोड आला की दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे मांडले जातात आणि हलन्त उघडा राहतो. ‘कंटेंट्स’मध्ये तो दिसेलच. आधीचा आणि नंतरचा शब्द धरून निवड करा, कंट्रोल आणि स्पेस दाबून अक्षरांचे फॉरमॅटिंग काढा. तरीही न जुळल्यास तो शब्द पूर्ण पुसून नव्याने टाइप करा. आणि कंत्राटदाराला ड्रॉइंगसोबत पीडीएफही द्या. पीडीएफ काढताना पर्यायांमध्ये ड्रॉइंगमधील फॉन्ट समाविष्ट करण्याची खूण केलेली असेल, तर साइटवर मोबाइलवर उघडणाऱ्या मुकादमालाही तीच अक्षरे दिसतील.